दुपारी गाडी जेवते

आमच्या भूगोलाच्या सरांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि त्या दिवसापासून ते शाळेत एसटीने येऊ लागले.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने ते मला पुन्हा म्हणायला लावलं. म्हणून सरळच सांगते. आधी सरांकडे स्कूटर होती. ती विकून त्यांनी निळी, लहानशी, बॅटरीवर चालणारी गाडी घेतली. गाडी शहरालगत नाचणे गावात त्यांच्या घरी उभी राहिली आणि सर, खांद्याला शबनम लावून, शहर बसच्या थांब्यावर उभे राहिले.

मी तेव्हा रत्नागिरीत नवी होते. कोल्हापूरकडची मी, मराठी शिकवायला आले होते. शिक्षकांच्या खोलीत माझं नाव दुसऱ्याच आठवड्यात 'घाटावरच्या बाई' पडलं, आणि ते सरांनीच पाडलं. पण त्यात हिणवणं नव्हतं. त्यांच्या लेखी माणूस कुठून आला हीच त्याची पहिली ओळख असे. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा सहाएक महिने उरले होते.

गाडी आली त्या दिवशी सरांनी पेढे आणले. आमचे पी.टी.चे सर म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस. त्यांनी पेढा तोंडात टाकला नि खिडकीतून मैदानाकडे पाहिलं.

"गाडी कुठाय सर? दाखवा तरी."

"घरी आहे."

"घरी? आज पहिल्या दिवशी?"

"जेवतेय," सर म्हणाले.

मग त्यांनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल काढला. आम्ही शिक्षक होतो हे ते विसरले आणि सातवीचा वर्ग असल्यासारखे बोलू लागले. नवा वीजमीटर बसलाय, त्याला वेळ कळते. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच जी वीज घरात येते तिला दर कमी. का?



"का, तर ऊन." सरांनी गोलावर भारताच्या अंगावर तळहात ठेवला. "इथे सगळीकडे सूर्यावरची वीज तयार होतेय. दुपारी इतकी होते की घ्यायला माणसं पुरत नाहीत. संध्याकाळी सूर्य बुडाला की सगळ्यांना एकदम दिवे हवेत, पंखे हवेत, टीव्ही हवेत. तेव्हा ती महाग. मग ज्याला थांबता येतं त्याने दुपारी घ्यावी. सोपं आहे."

"पण सर, दुपारी तुम्ही शाळेत असता," मी म्हटलं.

"मी असतो. गाडी कशाला असायला हवी?"

पी.टी.च्या सरांनी दुसरा पेढा घेतला.

सर कंजूष होते असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. पगार झाला की सगळ्या खोलीला वडे खिलवणारा तो एकच माणूस होता. पी.टी.चे सर एकदा म्हणालेही, "सर, ह्या वड्यांत गाडी गोव्याला जाऊन आली असती." सर नुसते हसले. प्रश्न पैशाचा नव्हताच. एकाच वस्तूला दोन दर असताना माणसाने जास्तीचा दर मुकाट्याने द्यावा, हे त्यांना अपमानासारखं लागे. केस कापायला ते सुट्टीच्या दिवशी भर दुपारी जात, कारण तेव्हा खुर्ची रिकामी असते आणि न्हाव्याला गप्पा मारायला माणूस हवा असतो. हाच नियम त्यांनी एकदा माशांना लावून पाहिला होता. बाजार उठता उठता बांगडे आणले. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, ते पिशवीतूनच मांजरांना घातले आणि सांगितलं, तुमचा भूगोल माझ्या चुलीपर्यंत आणायचा नाही.

त्यांच्या ह्या हिशेबात एक हळवी जागाही होती. भाद्रपदात पाऊस लागून राहिला, चार-चार दिवस सूर्य दिसेना, तेव्हा सर अस्वस्थ. "सवलत चालूच आहे हो," ते मला म्हणाले, "पण ऊन कुठाय? जे सूर्याने दिलंच नाही ते त्याच्या नावावर कसं घ्यायचं?" मी म्हटलं, सर, राजस्थानात पडलं असेल की ऊन. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हां! हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," म्हणाले, आणि त्या दिवशी ते सुखाने जेवले.

लांज्याला आमच्या शाळेच्या कारकुनाच्या मुलीचं लग्न होतं. तुळशीची लग्नं होऊन गेलेली, हायवेवर गर्दी, दुपारचा मुहूर्त. सगळा स्टाफ मिळून गाडी करून गेला. सर आणि वहिनी एसटीने आले. वहिनी पैठणी नेसलेल्या, केसांत अबोलीचा वळेसर, आणि चेहरा असा की पाहिलं की नजर वळवावी. मांडवात पी.टी.च्या सरांनी विचारलंच, "आज तरी उपाशी ठेवायची होती गाडीला!"

"सवय मोडते," सर म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या जेवणाच्या सवयीचं इतकं नाही हो बघत कोण."

सरांकडे साधा बटणांचा फोन होता. गाडी कितपत भरली ते दाखवणारं ॲप वहिनींच्या मोबाइलवर. त्यामुळे रोज मधल्या सुट्टीत एक सोहळा होई. सरांना जरा कमी ऐकू येत असे, म्हणून फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकवत ते बोलत.

"किती?"

"एकोणसत्तर," पलीकडून वहिनी.

"चालू दे."

संपलं. कसे आहात नाही, जेवलात का नाही. पी.टी.चे सर छातीवर हात ठेवून म्हणायचे, "पेशंट धोक्याबाहेर आहे वाटतं."

वहिनींशी माझी खरी ओळख झाली ती गणपतीआधी एका रविवारी सरांनी जेवायला बोलावलं तेव्हा. जेवण संध्याकाळचं. आधी गाडीतून भाट्याच्या पुलापर्यंत फेरी. "तिला भूक लागायला नको?" सर म्हणाले. पाच वाजून गेले की रोज ते गाडी बाहेर काढत, म्हणजे दुसऱ्या दिवशी भरायला जागा होई. गाडी ते फार जपून चालवत, आणि समोरच्या प्रत्येक वाहनाला मोठ्याने रागावत. मी मागे बसले होते. सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही नाही चालवत?"

सरांनी घसा खाकरला. वहिनी खिडकीबाहेर खाडीकडे बघत म्हणाल्या, "मला नाही हो जमत."

नंतर स्वयंपाकघरात, सुरमईचे तुकडे तव्यावर सोडताना, त्यांनी मला सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांमागची गोष्ट. वहिनींच्या भावाची गाडी काही दिवस घरी होती. सर त्यांना चंपक मैदानावर शिकवायला न्यायचे. "शिकवायला कसले? ओरडायला. क्लच! गिअर! कुठे बघतेस! आरसा कशाला आहे! माणूस आहे की भोंगा? मी घाबरले नि गाडी घातली गटारात. चार माणसं जमली. त्यांच्यासमोर हे म्हणाले, हे तुझ्याच्याने व्हायचं नाही."

"मग?"

"मग काय गो? मी उतरले नि चालत घरी आले. त्यानंतर आमच्या घरात तो विषय नाही." त्यांनी तुकडे उलटले. "शाळेत ओरडतात का गो पोरांवर?"

मला कोकणातलं ते 'गो' म्हणणं तेव्हा नवं होतं. मी म्हटलं, "नाही. पोरांवर कधीच नाही."

"बघ. म्हणजे येतं त्यांना न ओरडता," वहिनी म्हणाल्या.

डिसेंबरात माझे आईबाबा कोल्हापूरहून आले. मी रजा टाकली, रिक्षा केली आणि गणपतीपुळ्याला निघालो. आरे-वारेच्या चढावर, जिथे रस्ता वळतो नि खाली एकदम सगळा समुद्र उघडतो, तिथे रिक्षावाल्याने आपणहून रिक्षा थांबवली. घाटावरच्यांना इथे थांबवावंच लागतं, म्हणाला.

कठड्यापाशी निळी गाडी उभी होती. कठड्यावर वहिनी बसल्या होत्या, पदर कमरेला खोचून, मांडीवर उकडलेल्या शेंगांचा कागद. एकट्या.

"वहिनी!"

त्यांनी आधी शेंगा पाठीमागे लपवल्या. मग स्वतःच हसल्या आणि कागद माझ्यापुढे धरला.

"सरांना सांगू नको हो."

"तुम्ही चालवत आणलीत?"

"मग काय ढकलत?" त्या म्हणाल्या. गणपती झाल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका बाईंकडे गुपचूप नाव घातलं होतं. लायसन्स काढलं. "हिला क्लच नाही, गिअर नाही. दाबलं की जाते, सोडलं की थांबते. मला वाटलं, अरेच्चा, म्हणजे तेव्हा चूक माझी नव्हतीच की काय!"

"निघालात कुठे पण?"

"कुठेच नाही. इथपर्यंत. कधी पावस गावाला, कधी भाट्याला. जाते नि येते."

"काही काम?"

"काम असतं तर रिक्षाने नसते का गेले?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पलीकडून शाळेची मधली सुट्टी ऐकू येत होती.

"किती?"

वहिनींनी मोबाइल तपासला. "एकसष्ट."

"चालू दे."

"चालूच आहे," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "खोटं बोलले का मी? गाडी किती भरली ते ते विचारतात, ते मी सांगते. कुठे आहे ते कधी विचारलंच नाही."

घरी परतल्यावर त्या गाडी पुन्हा चार्जिंगला लावत. सर येईपर्यंत ती जागच्या जागी, हललीच नसल्यासारखी.

आता माझी पंचाईत झाली. रोज मधल्या सुट्टीत सरांचा फोन टेबलावर, आणि वहिनी आकडा सांगताहेत. तो आकडा कुठून येतोय ते मला माहीत, सरांना नाही, असं मला वाटे. मी डबा खाताना मान वर करत नसे. एक दिवस तर हद्द झाली. वहिनींनी "बावन्न" म्हटलं आणि त्यांच्यामागून समुद्राची गाज स्वच्छ ऐकू आली. लाट फुटली, मागे सरली, पुन्हा फुटली.

पी.टी.च्या सरांचे कान उभे राहिले. "वहिनी समुद्रावर आहेत काय?"

सरांनी पटकन फोन उचलून बंद केला. "मिक्सर लावलाय तिने. ओलं खोबरं वाटत असेल," म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मला त्यांची दया आली. जगातले समुद्रप्रवाह पोरांकडून घोकून घेणाऱ्या ह्या माणसाला आपल्या बायकोमागचा समुद्र ओळखू येऊ नये!

जानेवारी उजाडला आणि सरांचं वागणं बदललं. ते मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हणाले, फेब्रुवारीअखेर मी निवृत्त होतोय, पण मार्चपासूनही रोज येत जाईन. पगार नको. मोठ्या बाईंनी नियम दाखवला. सर वाचनालयात गेले, मानद काहीतरी करतो म्हणाले. वाचनालयाला संध्याकाळचा माणूस हवा होता. सर म्हणाले, संध्याकाळ नको, दुपार द्या. एका देवस्थानाने सकाळच्या पूजेची व्यवस्था बघाल का विचारलं. तेही नको. जे काही काम असेल ते दहा-अकरापासून पाचपर्यंतच हवं.

"सरांना घरी बसायची भीती वाटते," पी.टी.चे सर म्हणाले. "वहिनी मारतात काय?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. इतक्या काळजीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर थांब्यावर आम्ही दोघंच होतो. बस येत नव्हती. मी म्हटलं, "सर, कशाला एवढी धडपड? आयुष्यभर शिकवलंत. आता घरी बसा. वहिनींना घेऊन फिरा गाडीतून."

"तेच तर नकोय," सर म्हणाले.

मग रस्त्याकडे बघत, आवाज न चढवता, ते म्हणाले, "तुम्हाला ती आरे-वारेला भेटली होती."

माझ्या हातातली पिशवीच सुटली. "तुम्हाला कोणी…"

"रिक्षावाला माझा विद्यार्थी. दहावी ब."

"म्हणजे तेव्हा कळलं तुम्हाला?"

"छे हो. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने ज्या दिवशी प्रथम गाडी नेली त्याच संध्याकाळी. समोर किलोमीटरचा आकडा असतो ना. सकाळी होता त्यापेक्षा पुढे गेलेला. बाई, मी भूगोल शिकवतो. अंतर बघणार नाही?"



"ती शेजारी बसली होती, खिडकीबाहेर बघत. काही झालंच नाही असं तोंड करून. मला आधी राग आला. मग भीती वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात ऑस्ट्रेलिया शिकवायला घेतला नि आफ्रिका शिकवून आलो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर शेजारी बसलो असतो. शेजारी बसलो असतो तर ओरडलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे. एकदा करून बसलोय. पंचवीस वर्षं ती म्हणतेय मला जमत नाही, नि मी ऐकून घेतोय. तिला सगळं जमतं. माझ्यासमोर जमत नाही."

"आणि तो रोजचा फोन?"

"टक्के घेऊन काय करायचेत मला? फोन उचलला म्हणजे गाडी कुठे ठोकलेली नाही. ती गाडी थांबवल्याशिवाय फोन घेत नाही, हे मी ओळखून आहे. दोनदा वाजला नि घेतला नाही की माझा डबा तसाच राहतो." मग किंचित हसले. "त्या दिवशी मिक्सर म्हणालो ते बरं सुचलं."

स्वस्त वीज पहिल्यांदा खरीच होती, ते म्हणाले. गाडी घरी राहू लागली ती त्यासाठीच. पुढे हिने ती न्यायला सुरुवात केल्यावर मात्र त्यांना शाळेत यायला गाडी नको असण्याचं ते आयतं कारण झालं. लांज्याच्या लग्नाला गाडी न काढण्याचंही कारण त्यांनी सांगितलं. लग्नाच्या मांडवात चारचौघांसमोर सर गाडी चालवत उतरले आणि बायको बाजूच्या सीटवरून, हे वहिनींना आता कसं वाटेल, ह्याचा त्यांना अंदाज येईना. म्हणून एसटी. चुकलंच ते, म्हणाले. पैठणीला घाम फार.

"वहिनींना सांगून टाका ना सर."

"काय सांगू? हे एवढं एक तिचं तिने मिळवलंय. त्यात मी कुठे घुसू? आणि मी घरी बसलो तर ती गाडी काढणार कशी?"

बस आली. सर चढले आणि खिडकीपाशी बसून थेट समोर बघत राहिले.

मी कोणाला काही बोलले नाही. दोघांनीही माझ्यावर विश्वास टाकला होता आणि दोघांच्या मध्ये मी कोण?

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी सभागृहात निरोपसमारंभ झाला. मंचावर सर आणि शेजारी वहिनी. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं मोठं घड्याळ, वहिनींना खणानारळ. मुलं बोलली. एका मुलीला रडू आलं. पी.टी.चे सर बोलायला उभे राहिले आणि एकही विनोद न करता खाली बसले, ह्याचंच सगळ्यांना नवल वाटलं. सर बोलले ते नद्यांवर. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, वहिनींनीही दोन शब्द बोलावेत. असं म्हणायची पद्धत असते आणि वहिनींनी मान हलवून नाही म्हणायची पद्धत असते.

वहिनी उठल्या. माइक त्यांना उंच होता, तो त्यांनी स्वतःच खाली केला.

"मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "एकच सांगायचंय. हे रोज शाळेत यायचे तेव्हा मी गाडी बाहेर काढायचे. मी गाडी चालवते. छान चालवते. ह्यांना ते माहीत नाही. उद्यापासून हे घरी असतील, आणि मी उद्यापासून थांबणार नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतेय. गटारात घातली होती तेव्हाही माणसं होती, म्हणून आताही माणसं असू देत."

सभागृहात आधी कोणाला कळलं नाही. मग मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या आणि पुढेपर्यंत आल्या. सगळे सरांकडे बघत होते. मीही. आता हा माणूस काय म्हणतो?

सरांनी दोन्ही हात वर केले, डोळे मोठे केले आणि म्हणाले, "काय सांगतेस!"

मी शाळेत पुष्कळ नाटकं बसवली आहेत. पाचवीतल्या मुलाला झाड व्हायला सांगितलं तरी तो ह्यापेक्षा बरा अभिनय करतो. पोरं खो-खो हसली, टाळ्या वाढल्या. फक्त वहिनी हसल्या नाहीत. त्या सरांकडे रोखून बघत होत्या.

व्हरांड्यात त्यांनी सरांना गाठलं. मी हार, फुलं नि ते घड्याळ घेऊन मागेच होते.

"तुम्हाला माहीत होतं."

सर अंगावरची शाल सारखी करू लागले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

वहिनींचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी आपली चोरून नेतेय, वळणावर कोणी ओळखीचं दिसलं की डोकं खाली घालतेय, शेंगा लपवतेय, आणि तुम्ही इथे बसून… एवढं छान चाललं होतं माझं! पाणी घातलंत त्यात."

"माझं चुकलं," सर म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "तेव्हाही चुकलं होतं. मैदानावर."

हे वाक्य म्हणायला त्यांना पंचवीस वर्षं लागली होती आणि म्हणताना ते व्हरांड्याच्या फरशीकडे बघत होते. वहिनींनी पर्समधून किल्ली काढली.

"गाडी मागे लावलीय. चला. बाई, तुम्हीही चला, हे सामान कोण धरणार?"

त्या प्रवासाइतकं घट्ट बसून मी दुसरा कुठलाही प्रवास केलेला नाही. वहिनी चालवत होत्या, सर शेजारी, मांडीवर श्रीफळ. मागे मी आणि घड्याळ. मारुती मंदिराशी एक स्कूटरवाला आडवा आला. सरांचा उजवा पाय खाली असा दाबला गेला की तिथे ब्रेक असता तर आम्ही काचेतून बाहेर गेलो असतो. तोंडातून शब्द नाही. पुढे समोरून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक आला. सरांनी श्रीफळ दोन्ही हातांनी आवळलं. शब्द नाही. एका जागी वहिनींनी आरशात न बघता वळण घेतलं, ते मलासुद्धा कळलं. सरांच्या मानेवरची शीर उडताना मी मागून बघत होते. तरीही नाही. वहिनी मात्र शांतपणे समोर बघून, अगदी मजेत चालवत होत्या.

घर आलं. फाटक अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे खांब. शेवटच्या वळणावर वहिनींना बहुधा आठवलं की शेजारी कोण बसलंय. स्टिअरिंग जरा जास्तच वळलं. डावीकडून खर्रर्र असा लांब आवाज आला, तो थांबेचना. मग थांबला.

वहिनींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि त्या समोर बघत होत्या. मला वाटलं, आता. आता ते बोलणार, आणि ही बाई उतरून चालत जाणार.

सरांच्या बाजूचं दार उघडत नव्हतं, खांब लागत होता. त्यांनी वहिनींना गाडी जरा पुढे घ्यायला हाताने खुणावलं. मग ते उतरले, गाडीपासून दोन पावलं मागे सरले, पुढच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंत गेलेला ओरखडा पाहिला. वाकले. नव्या शालीच्या टोकाने त्यावरची तांबडी माती पुसली. मग सरळ उभे राहून खांबाकडे पाहिलं.

"हा खांबच फार पुढे आलाय," ते म्हणाले. "गवंड्याला मी तेव्हाच सांगितलं होतं."

वहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा फाटकाशी चिऱ्यांचा ढीग पडला होता. डावा खांब पाडून हातभर मागे बांधायचं काम चाललं होतं. सर गवंड्याच्या डोक्यावर उभे राहून घसा फाटेपर्यंत ओरडत होते.

"मागे घे! अजून मागे घे! तिला सरळ आत येता आलं पाहिजे!"

"वहिनी कुठायत?" मी विचारलं.

"पावसला गेलीय," सर म्हणाले. "बसा, चहा मी करतो."